रक्तसाक्ष्यांचे प्रमाणपत्र नको

‘तुमचा धर्म परकीय’ असा टोमणा कानी पडला, की आपले वक्ते तत्काळ ठाण्याच्या चार रक्तसाक्ष्यांना पुढे करतात. पोर्तुगीज १४९८ साली आले. आमचे रक्त त्यापूर्वी १७७ वर्षे, १३२१ मध्ये, या मातीत सांडले! टाळ्या पडतात. या युक्तिवादाला माझा स्पष्ट विरोध आहे.

एक तर तो लंगडा आहे. तोलेंतीनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमीत्री हे चौघे परदेशीयच होते. दुसरे, तो आपल्याच बांधवांवर अन्याय करतो. बुलढाणा, चिखली, मेहकरकडील ज्या कुटुंबाने आजोबांच्या पिढीत बाप्तिस्मा घेतला, त्याची श्रद्धा काय उणी? राज्यघटनेचे २५ वे कलम कोणाच्याही श्रद्धेचे वय विचारत नाही.

हे चौघे अडचणीत आले कसे, हे मात्र आपल्या व्याख्यानांत येत नाही. ज्या नेस्टोरियन ख्रिस्ती घरी ते उतरले होते, तेथील नवऱ्याने पत्नीस मारहाण केली. तिने काझीकडे दाद मागितली आणि साक्षीदार म्हणून या पाहुण्यांचा उल्लेख केला. पीटर घरी थांबले. तिघे बोलावण्यानुसार गेले. तेथे प्रश्न श्रद्धेकडे वळले. त्यांनी ख्रिस्त नाकारला नाही, आणि अखेर चौघांचाही वध झाला. जॉर्डानस या डोमिनिकन धर्मबंधूने त्यांचे देह सोपाऱ्यास पुरले. शेजारच्या मुसलमानाकडे बोट दाखवण्यासही ही कथा उपयोगी नाही. या वधाबद्दल दिल्लीच्या सुलतानाने ठाण्याच्या मलिकास शिक्षा केली, असे ओदोरिकच्या प्रवासवृत्तातच नमूद आहे.

म्हणजे या रक्तसाक्ष्याच्या मुळाशी एका मार खाणाऱ्या स्त्रीची फिर्याद आहे. ‘रक्तसाक्षी’ या शब्दातच साक्ष आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही साक्षीदार असाच. आणि आपण? आळीत रात्री एखाद्या सुनेचा आक्रोश ऐकू आला, तर ‘घरचा मामला’ म्हणून दिवा मालवतो. सकाळी पंचांपुढे, पोलिसांपुढे, धर्मगुरूंपुढेही कोणी तोंड उघडत नाही. रविवारी मात्र मिस्साला सारे हजर!

अशा मौनाने १३२१ सालचा अभिमान मिरवू नये. पुरातनत्वाचे दाखले गोळा करणे थांबवा. त्या सुनेच्या बाजूने बोलावयास धर्मग्रामातील एक घर जरी उभे राहिले, तरी ठाण्याच्या चौघांचे स्मरण झाले असे मी मानीन.