आकाशाचें पाठांतर

चंद्रावर यान उतरलें कीं शाळेंत पेढे वांटावे, मुलांकडून यानाचें नांव व उतरण्याची तारीख पाठ करून घ्यावी, आणि एक प्रश्नमंजूषा उरकून अवकाशविज्ञान शिकविल्याचें समाधान मानावें, अशी रीत अलीकडे सर्वत्र पडत चालली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवप्रदेशाजवळ उतरलें. जून २०२५ मध्यें शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकांत गेले. त्या प्रसंगीं झालेला आनंद यथायोग्यच होता. परंतु आनंदालाच ज्ञान समजण्याची जी चूक आपण करीत आहों, तिच्याविरुद्ध आम्हांस येथें स्पष्ट बोलावयाचें आहे.

बक्षीस घेऊन आलेल्या एखाद्या मुलास विचारावें, "स्थानकांतील माणसें तरंगतात कां?" बहुधा उत्तर येतें, "वर गुरुत्वाकर्षण नसतें म्हणून." आणि खेदाची गोष्ट ही कीं, जवळ बसलेलीं वडील मंडळीही मान डोलावितात. हें उत्तर साफ खोटें आहे. तें स्थानक आपल्या डोक्यावर सुमारें ४०० किलोमीटरांवर फिरतें, व तेथें पृथ्वीचें आकर्षण जमिनीवरील आकर्षणाच्या जवळ जवळ नऊदशांश असतें. तें नसतें तर स्थानक पृथ्वीभोंवतीं न फिरतां सरळ रेषेंत निघून गेलें असतें. चंद्राचीही तीच गत झाली असती.

खरें उत्तर समजण्यास पनवेलच्या मुलांना दूर जाण्याचें कारण नाहीं. कर्नाळ्याचा सुळका त्यांच्या नित्य परिचयाचा आहे. न्यूटननें उंच पर्वतावरील तोफेचें जें उदाहरण दिलें, तें या सुळक्यावर मांडावें. सोडलेला दगड पहिल्या सेकंदांत सुमारें पांच मीटर खालीं येतो. आडवा फेंकला तरी तितकाच खालीं येतो. आतां पृथ्वी वाटोळी असल्यामुळें तिचा पृष्ठभाग आठ किलोमीटरांत किती वांकतो तें पाहूं. आठाचा वर्ग चौसष्ट. त्यास पृथ्वीच्या व्यासानें, म्हणजे सुमारें १२,८०० किलोमीटरांनीं, भागलें असतां पांच मीटर येतात! म्हणजे हवेचा व डोंगरांचा अडथळा नसेल, आणि दगड सेकंदास आठ किलोमीटर या वेगानें गेला, तर तो जितका पडेल तितकीच जमीन त्याच्याखालून वांकत जाईल. तो सदैव पडत राहील, पण जमिनीस कधींच लागणार नाहीं. स्थानक असेंच पडत असतें, आंतील प्रवासीही त्याच्याबरोबर पडत असतो, आणि पायाखालची फळी त्यास वर रेटीत नाहीं म्हणून त्यास वजन भासत नाहीं. यांत शाळेंतील गणितापलीकडे काय आहे?

दुसरा भ्रम असा कीं, अग्निबाण मागील हवेस रेटून पुढें जातो. न्यूयॉर्कच्या एका प्रख्यात दैनिकानें १९२० मध्यें याच समजुतीनें गॉडर्ड या संशोधकाची थट्टा केली, आणि जुलै १९६९ मध्यें माणसें चंद्राकडे निघाल्यावर दुरुस्ती छापली. खाडींत स्थिर होडींतून एक जड धोंडा मागें फेंकावा. होडी पुढें सरते. तेथें हवेचें कांहीं काम नाहीं. अग्निबाण जळालेला वायु असाच मागें फेंकतो, व फेंकावयाचें सर्व सामान त्यास बरोबरच न्यावें लागतें. म्हणूनच सुमारें ३,९०० किलोग्रॅमचें चांद्रयान वर नेण्यास जवळ जवळ ६४० टनांचा अग्निबाण लागला, आणि त्यांतील बहुतेक भार इंधनाचा होता.

यावर आक्षेप ठरलेले आहेत: अभ्यासक्रमांत जागा नाहीं, शाळेस दुर्बीण नाहीं, मराठींत हे विषय नीट सांगतां येत नाहींत. शेवटचा आक्षेप तरी या जिल्ह्यांतील लोकांनीं करूं नये. अलिबागजवळच्या नागांवीं १८२५ मध्यें जन्मलेल्या केरो लक्ष्मण छत्र्यांनीं कुलाब्याच्या वेधशाळेंत काम केलें, आणि १८६० मध्यें ग्रहसाधनाचीं कोष्टकें मराठींतच प्रसिद्ध केलीं. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं 'ज्योतिर्विलास' सामान्य वाचकांसाठीं मराठींतच लिहिला. दुर्बिणीचें म्हणाल तर मे महिन्याच्या मध्यास पनवेलींत सूर्य भर दुपारीं थेट माथ्यावर येतो, आणि उभ्या काठीची सांवली नाहींशी होते. ध्रुव क्षितिजापासून सुमारें १९ अंशांवर दिसतो, व तेच पनवेलचे अक्षांश होत. यास एक काठी आणि एक कोनमापक पुरे.

हा वाद केवळ गुणांचा असता तर आम्हीं लेखणी उचललीही नसती. ज्या मुलास आकाशाविषयीं केवळ ऐकून मानण्याची संवय लागते, तें मोठेपणीं ग्रहणाची भीति घालणाऱ्याचेंही ऐकेल, आणि चंद्रावर कोणी गेलेंच नाहीं असें ठासून सांगणाऱ्याचेंही ऐकेल. दोघांस तपासण्याचें साधन त्याच्या हातीं आपण दिलेलेंच नसेल. यासाठीं शाळांस आमचें सांगणें एवढेंच कीं, पुढील प्रश्नमंजूषेपूर्वीं एक सांवली मोजवून घ्या व आठाच्या वर्गाचें तें एक उदाहरण सोडवून घ्या. आणि पालकांनीं, बक्षीस कितवें आलें हें विचारण्याआधीं, चंद्र खालीं कां पडत नाहीं हें मुलांस विचारावें, व उत्तर येईपर्यंत त्यांच्यासह बसावें.