माणसाच्या शास्त्राचा भाव

वऱ्हाडात कोणत्याही गोष्टीची किंमत शेवटी कापसात मोजली जाते. लग्नाचा खर्च किती? इतके क्विंटल. घरावर स्लॅब टाकायचा? इतके क्विंटल. तेव्हा पोरीच्या पदवीचा हिशेबही त्याच मापाने झाला, तर त्यात नवल ते काय! गेल्या उन्हाळ्यात अकोल्याचे एक स्नेही अमरावतीस आमच्याकडे उतरले होते. कन्या बी.ए. झालेली, आणि मानवशास्त्रात एम.ए. करायला पुण्यास जाणार म्हणून हट्ट धरून बसलेली. त्यांनी मला सरळच विचारले, "भाऊ, डॉक्टर झाली त दवाखाना टाकते, वकील झाली त कोर्टात जाते. हे माणसाचं शास्त्र शिकून पोट्टी काय करते जी?"

प्रश्न रोखठोक आहे, आणि त्याला हसण्याचे कारण नाही. एका बोंडअळीने ज्यांचा हंगाम जातो, त्यांनी दोन वर्षांचे खोलीभाडे आणि खानावळ कुठून आणायची, हे विचारलेच पाहिजे. सरकारी विद्यापीठाची फी एक वेळ झेपते. घर मोडते ते परगावच्या राहणीने आणि पुढे नोकरीची वाट पाहण्यात गेलेल्या वर्षांनी.

या विषयात कर्ज काढून शिकलेले मराठी माणूस पाहायचे, तर इरावतीबाई कर्व्यांचे नाव घ्यावे लागते. त्या 1928 साली जर्मनीला गेल्या, त्या जीवराज मेहतांकडून घेतलेल्या कर्जाच्या आधाराने. सासरे साक्षात महर्षी धोंडो केशव कर्वे, स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचलेले; पण सुनेचे परदेशी जाणे त्यांनाही पसंत नव्हते! बर्लिनला बाईंनी माणसाच्या कवट्या मोजल्या आणि 1930 साली डॉक्टरेट मिळवली. आता कवट्या मोजून संसाराला काय हातभार लागणार, असे कोणीही म्हटले असते. पण त्याच बाई 1939 पासून डेक्कन कॉलेजात शिकवू लागल्या, भारतातील नातेसंबंधांवर 1953 साली मोठा ग्रंथ लिहिला, आणि महाभारतातल्या माणसांकडे त्याच नजरेने पाहून 'युगान्त' लिहिले. त्याला 1968 चे साहित्य अकादमी पारितोषिक मिळाले. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची त्यांनी केलेली पाहणी 1969 साली प्रसिद्ध झाली. कर्ज फिटले, आणि वर महाराष्ट्रच त्यांचा ऋणी झाला.

पण सगळ्याच मुली इरावतीबाई होत नाहीत, हे मलाही कळते. म्हणून जरा व्यवहार पाहू. भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण 1945 साली स्थापन झाले. त्याचे एक केंद्र आपल्या नागपुरात आहे. पुण्याला 1962 पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. याखेरीज प्राध्यापकी, वस्तुसंग्रहालये आणि आरोग्याचे काम करणाऱ्या संस्था. दारे आहेत, पण दारे थोडी आणि उभे राहणारे फार. केंद्रीय लोकसेवा परीक्षेत हा विषय घेणाऱ्यांची चलती आहे, हे खरे. ऐच्छिक विषयाला तिथे 500 गुण असतात. मात्र तो विषय घ्यायला त्याची पदवी लागत नाही. तेव्हा केवळ कलेक्टर होण्यासाठी ही पदवी घेणे म्हणजे पेलाभर दुधासाठी गोठा विकत घेण्यासारखे आहे.

मग हा धंदा तोट्याचाच म्हणायचा काय? तसेही नाही. त्यासाठी बर्लिनला जायला नको. अमरावतीहून चिखलदऱ्याचा घाट चढला की पुरे. मेळघाटातल्या कोरकूंची भाषा मराठीची कोणी लागत नाही, शेजारच्या गोंडीचीही नाही. तिचे सगेसोयरे दूर झारखंडाकडे, मुंडारी आणि संथाळी बोलणाऱ्यांत. 1993 साली इथल्या बालमृत्यूंनी साऱ्या राज्याला हादरा बसला. डॉक्टर गेले, औषधे गेली, योजनांच्या फायली गेल्या. तरी पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराला घेऊन आई आधी भूमकाकडे जाई, आणि त्याच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके बसत. ही रीत अघोरी आहे, यात शंका नाही. पण ती आई आधी तिकडेच का जाते? भूमका तिच्या बोलीत बोलतो, तिच्या घरचे देव जाणतो. ही गोष्ट कोणी जवळ बसून ऐकल्याशिवाय कळत नाही, आणि ती कळल्याशिवाय औषध पोटात जात नाही.

दुसरे उदाहरण अकोल्याच्या हद्दीतले. मेळघाट व्याघ्रप्रकल्प 1973-74 साली झाला. पुढे 2001 नंतर बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून उठवून अकोट भागात सपाटीवर वसवली. मागून आणखी गावे आली. 2008 च्या योजनेत कुटुंबामागे 10 लाख रुपये ठरले. रक्कम लहान नव्हे. पण जंगलात मोहाची फुले, तेंदूपाने, सरपण आणि रानभाजी यांना दुकानदार नसतो. सपाटीवर प्रत्येक गोष्टीला रोकडा मोजावा लागतो. मेलेल्यांच्या नावाने कोरलेल्या लाकडी पाट्या झाडाखाली उभ्या करणे ही कोरकूंची जुनी रीत. त्या पाट्या भरपाईच्या कोणत्या रकान्यात लिहायच्या? जानेवारी 2019 मध्ये उठवलेल्या गावांतले लोक पुन्हा जंगलात शिरले आणि वनखात्याच्या माणसांशी त्यांची चकमक झाली. गावे उठवण्याआधी त्यांची बोली जाणणारा एखादा शिकलेला माणूस प्रत्येक गावात सहा महिने राहिला असता, तर त्याचा पगार या साऱ्या खर्चात कितीसा दिसला असता?

तेव्हा वाचकहो, माझे मत असे. केवळ नावापुढे एम.ए. लागावे म्हणून ही पदवी घेऊ नये, आणि तिच्यासाठी शेत तर मुळीच गहाण टाकू नये. आधी शिष्यवृत्ती पाहावी. मुलीला दोन गोष्टी विचाराव्यात. कोरकू किंवा गोंडी शिकशील काय? मोबाइलची रेंज नसलेल्या गावी चार महिने राहशील काय? दोन्हींना होकार आला, तर आडवे येऊ नये. जोडीला आकडेशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्याचे थोडे ज्ञान घ्यायला लावावे, म्हणजे पोटाची सोय होईल. आणि सरकारला आपण सर्वांनी मिळून विचारावे, की गाव उठवताना मोजणीदार लागतो, इंजिनिअर लागतो, मग माणूस जाणणारा का लागत नाही?

आणि हो, पुणेच पाहिजे असे कुठे आहे! वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयातही हा विषय शिकवतात. अकोल्याहून सकाळच्या गाडीत बसले, तर जेवायच्या वेळेला माणूस वर्ध्यात असतो.