अंगावरून जाणारं पाणी आणि आपली आरोग्य शिबिरं

जयंतीच्या आरोग्य शिबिरात आपण काय तपासतो? रक्तदाब, साखर, डोळे, फार तर हिमोग्लोबिन. रांगेत निम्म्या बाया असतात. त्यांतल्या कित्येकजणी महिनोन्‌महिने खाज, आग आणि 'अंगावरून पांढरं जाणं' सोसत असतात. त्यांच्यासाठी ना पडदा, ना बाई डॉक्टर. वस्तीत काम करताना मी हेच बघत आले आहे. हा विषय काढला की कार्यकर्ते म्हणतात, "ताई, आधी शिक्षण, नोकरी, अत्याचाराचे प्रश्न. हे नंतर बघू."

नंतर म्हणजे कधी?

या त्रासामागे पुष्कळदा कँडिडा नावाचं यीस्ट असतं. नेहमीच नव्हे, पण पुष्कळदा. ते घाणीतून येतं ही समजूत चुकीची आहे. धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात, स्त्रीच्या योनीमार्गात ते असू शकतं आणि काही त्रास देत नाही. अँटिबायोटिक घेतल्यावर, गरोदरपणात, साखर आटोक्यात नसताना किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर तोल बिघडतो आणि ते फोफावतं. चारपैकी जवळपास तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा संसर्ग होतो, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

तरी घरात तिला विचारलं जातं, "स्वच्छ राहत नाहीस का?" नाहीतर त्याहून वाईट, "कुठून आणलंस?" २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाचा कार्यक्रम करून आलेल्या घरातही हेच ऐकू येतं. याला विटाळ नाही तर काय म्हणायचं? मग ती बिचारी साबणाने, अँटिसेप्टिकने आतून धुवत बसते. त्याने योनीमार्गातले उपयोगी जिवाणूच कमी होतात आणि त्रास वाढतो.

आता संशोधनाकडे बघा. यीस्टवरचं पहिलं उपयुक्त आणि सुरक्षित औषध, निस्टॅटिन, दोन बायकांनी शोधलं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीचे नमुने तपासायच्या, रेचल ब्राउन ऑल्बनीत त्यांतली रसायनं वेगळी काढायच्या, आणि बरण्या पोस्टाने ये-जा करायच्या. १९५० मध्ये त्यांनी शोध जाहीर केला. न्यूयॉर्क स्टेटच्या सरकारी प्रयोगशाळेत त्या काम करत, म्हणून औषधाचं नाव निस्टॅटिन. स्वामित्वधनाचे १ कोटी ३० लाखांहून जास्त डॉलर त्यांनी स्वतःकडे न ठेवता संशोधनासाठी दिले. सरकारी पगारावरच्या दोन बायका हे करू शकल्या, हे आपल्या मुलींना सांगायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण गडचिरोलीचं. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यात यीस्टसोबत इतरही आजार होते. पण "नंतर बघू" म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

एवढं असून जागतिक आरोग्य संघटनेने प्राधान्याने संशोधन व्हावं अशा बुरशींची पहिली यादी काढली ती थेट २०२२ मध्ये. वर्षात चार किंवा जास्त वेळा हा त्रास होणाऱ्या बायका जगभरात सुमारे १३ कोटी ८० लाख असाव्यात, असा २०१८ चा एक अंदाज आहे. इतक्या पुरुषांना खाज सुटली असती तर इतकी वर्षं लागली असती का?

आपल्या सरकारी दवाखान्यांसाठी हिरवं किट ठरलेलं आहे. सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल, म्हणजे जिवाणू-परजीवीवरचं आणि यीस्टवरचं औषध, लक्षणं बघून एकदमच द्यायचं. जिथे तपासणीची सोय नाही तिथे ही पद्धत उपचारच न मिळण्यापेक्षा बरी, हे मान्य. पण त्रास पुन्हा पुन्हा होतो तिचं काय? कँडिडाच्या काही जाती, उदाहरणार्थ ग्लाब्राटा, फ्लुकोनॅझोलला नीट दाद देत नाहीत. नुसत्या लक्षणांवरून ते कळत नाही. स्लाइडवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर यीस्ट आहे का, हे बहुतेक वेळा काही मिनिटांत दिसतं. जात ओळखायला पुढे कल्चर लागतं. मलेरिया आणि क्षयासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक ठेवलेला असतो. त्याच सूक्ष्मदर्शकावर हे का होऊ नये, हा प्रश्न निवेदनात लिहून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यायला पैसे लागत नाहीत.

आणि शिबिराचं म्हणाल तर पुढच्या वर्षी डीजेच्या खर्चातून एक पडदा, एक खाट आणि एक बाई डॉक्टर सहज बसतात. साखर तपासायला आपण बसतोच. जिची साखर जास्त निघेल तिला तिथेच, आडोशाला नेऊन, एखाद्या कार्यकर्तीने विचारावं: "मावशी, खाज-आग होते का?"