गंगारामाची पोथी

‘महाराष्ट्र-पुराण’ हें नांव ऐकतांच वाचकांस वाटेल कीं, हा आपल्या पूर्वजांच्या पराक्रमाचा ग्रंथ असावा. ग्रंथ पूर्वजांविषयींचाच आहे; परंतु तो गंगाराम नांवाच्या बंगाली कवीचा आहे, आणि त्यांत आपले पूर्वज लुटारू म्हणून येतात.

नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करपंत कोल्हटकर इ. स. १७४२ मध्यें चौथाईसाठीं बंगालवर चालून गेले. ही हकीकत आम्ही वर्गांत एका वाक्यांत सांगून पुढें जात असूं. गंगारामानें ती चौदा अक्षरी ‘पयार’ छंदांत सविस्तर गाइली. तिची हस्तलिखित पोथी पूर्व बंगालच्या मैमनसिंग जिल्ह्यांत सांपडली. तीवर बंगाली सन ११५८, म्हणजे इ. स. १७५१, असा काल आहे. तेव्हां जखमा ताज्याच होत्या.

पुराणांच्या रीतीप्रमाणें कथेचा आरंभ देवलोकांत होतो. पृथ्वीस पापाचा भार असह्य झाला, म्हणून शंकर नंदीकरवीं शाहू महाराजांस प्रेरणा देतात. म्हणजे मराठे हे प्रथम ईश्वरी दंडाचें साधन होत. परंतु स्वारांनीं गांवें जाळलीं, स्त्रियांची विटंबना केली, ब्राह्मणांस मारलें. तेव्हां देवीनेंच त्यांचा पक्ष सोडला. काटव्याजवळ भास्करपंतांनीं मांडलेली दुर्गापूजा अर्धवट राहिली. पुढें १७४४ मध्यें मानकरा येथें नबाब अलीवर्दीखानानें त्यांस भेटीस बोलावून दग्यानें मारविलें.

आपल्याकडे ‘बारगीर’ म्हणजे सरकारी घोड्यावरचा साधा स्वार. बंगालींत त्याचा ‘बर्गी’ झाला, आणि आया मुलांस निजवितांना अंगाईंत त्याचें भय घालूं लागल्या.

पळणाऱ्या लोकांचें वर्णन करतांना कवि आधीं पोथ्यांचे भारे घेतलेले ब्राह्मण पंडित दाखवितो, मग तराजू घेतलेले सोनार. येथें मीं पुस्तक मिटलें. माझ्या वडिलांच्या पोथ्या रुमालांत बांधून माळ्यावर ठेविलेल्या आहेत. घर सोडण्याचा प्रसंग आला, तर मीही आधीं त्यांनाच हात घालीन.

अटकेपर्यंतच्या झेंड्याचा अभिमान मीं मुलांस जन्मभर शिकविला. तो आजही सोडवत नाहीं. परंतु परवां नातवानें भास्करपंतांविषयीं विचारलें, तेव्हां त्या पंडितांची गोष्टही सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आजोबा, हें आमच्या पुस्तकांत नाहीं.” मीं म्हटलें, “म्हणूनच सांगितलें, बाळ.”