कर्तृत्व आधी की प्रसिद्धी?

नागपूरहून अमरावती मार्गाने निघालेल्या प्रवाशाला वाडी आल्याचे कोणी सांगावे लागत नाही. रस्त्याच्या दुतर्फा उभे असलेले ट्रक, मालवाहतूक कंपन्यांच्या पाट्या, गोदामांच्या रांगा आणि टायरची दुकाने पाहून ते आपोआप कळते. शेजारीच १९६६ साली स्थापन झालेली अंबाझरीची आयुध निर्माणी आणि तिची वसाहत आहे. परिसरातील लोक तिला नुसते ‘डिफेन्स’ म्हणतात. दोन पिढ्यांत या वस्तीने वाहतूकदार, गोदामचालक, कुशल कारागीर अशी असंख्य कामाची माणसे घडविली. त्यांपैकी किती जणांचे अनुभवाचे बोल आठव्या मैलापलीकडे पोहोचले? आणि आता त्यांच्यापैकीच एखाद्याच्या भ्रमणध्वनीवर ‘आमच्या पॉडकास्टमध्ये पाहुणे म्हणून या, स्वतःचा ब्रँड उभा करा’ असे निमंत्रण, खाली शुल्काच्या आकड्यासह आले, तर त्याने काय करावे?

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. समाजाने कोणाचे ऐकावे, कोणाला जाणकार मानावे, हे कशावरून ठरणार, असा त्याचा खरा आशय आहे.

‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली बेन हॅमर्स्ली या ब्रिटिश पत्रकाराने ‘द गार्डियन’मधील लेखात प्रथम वापरला. ‘आयपॉड’ हे ॲपल कंपनीचे श्रवणयंत्र आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रक्षेपण, या दोहोंच्या संयोगातून तो घडला. ॲपलने २०२२ साली आयपॉडचे उत्पादन थांबविले. शब्द मात्र टिकला आणि वाढला. आपल्याकडे तो आता ऐकण्यापुरता राहिलेला नाही. दोन खुर्च्या, दोन मायक्रोफोन, मागे मंद प्रकाश आणि यूट्यूबवर तास-दोन तासांची मुलाखत, हे त्याचे परिचित रूप झाले आहे.

या व्यवस्थेचे गणित समजून घेतले पाहिजे. सूत्रसंचालकाला दर आठवड्याला नवा विषय आणि नवा चेहरा लागतो. पाहुण्याला आयता श्रोतृवर्ग लागतो. दोघांची गरज परस्परांकडून भागते. सूत्रसंचालकाने वर्षानुवर्षे मिळविलेला विश्वास त्या तासाभरापुरता पाहुण्याच्या खात्यावर जमा होतो. मग त्या मुलाखतीचे अर्ध्या-एक मिनिटाचे तुकडे कापून ते सर्वत्र फिरविले जातात. पूर्ण मुलाखत थोडे जण ऐकतात, तुकडे मात्र पुष्कळ जण पाहतात. पुढे कोणी त्या व्यक्तीचे नाव शोधले, की तीच चित्रफीत समोर येते आणि ‘हे तर पॉडकास्टवर आले होते’ हेच ओळखपत्र ठरते.

या माध्यमाची ताकद नाकारण्यात अर्थ नाही. जानेवारी २०२५मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी निखिल कामत यांच्या पॉडकास्टमध्ये पाहुणे म्हणून आले. त्यानंतर मार्चमध्ये लेक्स फ्रिडमन या अमेरिकेतील मुलाखतकाराशी ते तीन तासांहून अधिक वेळ बोलले. २०१४पासून ‘मन की बात’मधून आकाशवाणीवर थेट बोलणाऱ्या नेत्यालाही हा नवा मार्ग उपयुक्त वाटला. वृत्तवाहिनीवरील आठ जणांच्या कलकलाटात एकही विचार पूर्ण मांडता येत नाही. येथे शांतपणे, सविस्तर बोलता येते. हा या माध्यमाचा मोठाच गुण आहे.

महाराष्ट्राला ही रीत तशी नवीन नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे गावोगावी व्याख्यानमाला उभ्या राहिल्या आणि कष्टकरी, कारकून, शिक्षक अशा सामान्य माणसांनी त्यांतून देशोदेशीचे ज्ञान मिळविले. तेथेही पाहुणा बाहेरून येई, तेथेही त्याची कीर्ती वाढे. परंतु त्या व्यासपीठाचा एक अलिखित नियम होता. वक्त्याने आधी काही केलेले असे, म्हणून त्याला बोलावले जाई. आज क्रम उलटा होऊ पाहत आहे. आधी झळकायचे, त्या झळकण्याच्या बळावर जाणकार म्हणून ओळख मिळवायची आणि मग ती ओळख विकायची.

विकणे हा शब्द येथे अलंकारिक नाही. अमेरिकेत काही पाहुणे पॉडकास्टवर येण्यासाठी ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम मोजतात, असे ‘ब्लूमबर्ग’ने ऑगस्ट २०२२मध्ये प्रसिद्ध केले होते. श्रोत्याला वाटते, याची योग्यता पाहून याला बोलावले. प्रत्यक्षात त्याने खुर्चीचे भाडे भरलेले असते. जाहिरात ही जाहिरात म्हणून समोर आली, तर ग्राहक सावध असतो. ती मुलाखतीचा वेष घेऊन आली, की तो बेसावध राहतो. फसवणूक होते ती याच ठिकाणी.

कायद्याने या वेषांतराची दखल घेतली आहे. जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी नियमावली आणली. केंद्र सरकारनेही जानेवारी २०२३मध्ये मार्गदर्शक सूचना काढून, आर्थिक वा अन्य हितसंबंध असल्यास ते स्पष्टपणे जाहीर करावेत, असे बजावले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिफारस करणारी व्यक्तीही यातून सुटत नाही. गुंतवणुकीच्या क्षेत्रात ‘सेबी’ने २०२४ साली आपल्या नोंदणीकृत संस्थांना, नोंदणीविना सल्ले देणाऱ्यांशी संबंध ठेवण्यास मनाई केली. डॉक्टर आणि वकील यांच्यावर तर व्यावसायिक आचारसंहितेनुसार स्वतःची जाहिरात करण्यास पूर्वीपासूनच बंधन आहे. त्यांनी माहिती जरूर द्यावी; रुग्ण वा पक्षकार गोळा करण्यासाठी मुलाखतीचा आडोसा घेऊ नये.

पाहुणेपणातील धोका पैशापुरताही नसतो. रणवीर अलाहाबादिया या लोकप्रिय पॉडकास्टकाराला मार्च २०२४मध्ये ‘नॅशनल क्रिएटर्स अवॉर्ड’ मिळाला. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच फेब्रुवारी २०२५मध्ये दुसऱ्याच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून बसलेला असताना त्याने केलेल्या अश्लाघ्य विधानामुळे देशभर संताप उसळला. गुन्हे दाखल झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अटकेपासून संरक्षण देताना न्यायालयाने त्याच्या भाषेवर कठोर ताशेरे ओढले आणि पुढे सभ्यतेची अट घालूनच कार्यक्रम करण्यास अनुमती दिली. वर्षानुवर्षांच्या परिश्रमाने उभारलेले नाव दोन वाक्यांत मातीत जाऊ शकते, हा त्याचा धडा. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले, तरी जिभेची जबाबदारी आपलीच असते.

येथे विचारी वाचकाच्या मनात एक प्रतिप्रश्न उभा राहील. प्रसिद्धिपराङ्मुखता हे ज्या परंपरेत मूल्य मानले गेले, फोटो आणि हार यांपासून चार हात दूर राहणे हा जेथे कार्यकर्त्याचा स्वभाव बनला, तेथे या मायक्रोफोनच्या वाटेला जावेच कशाला? शंका प्रामाणिक आहे, पण अर्धवट आहे. प्रसिद्धिपराङ्मुखता म्हणजे मौन नव्हे. विदर्भाच्याच मातीतील गाडगेबाबा आयुष्यभर हजारोंच्या जनसमुदायापुढे कीर्तन करीत उभे राहिले. त्यांच्याएवढा श्रोतृवर्ग त्या काळात थोड्यांनाच लाभला असेल. त्यांनी तो स्वतःच्या नावासाठी वापरला नाही. लोकांच्या देणगीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या आणि बाबांच्या अंगावर चिंध्याच राहिल्या. वाणी लोकांसमोर, फळ लोकांसाठी आणि ‘मी’ मात्र मागे, असा तो आदर्श होता.

मौनाचीही एक किंमत असते आणि ती समाजाला मोजावी लागते. वाडीचेच उदाहरण घ्यावे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि गोदामांचे अर्थकारण पालटले. पूर्वी केंद्रीय विक्रीकर वाचविण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत स्वतंत्र गोदामे ठेवीत. ती गरज संपली आणि मध्यवर्ती ठिकाणी मोठी गोदामे असणे सोयीचे ठरू लागले. देशाच्या मध्यावर, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम महामार्गांच्या छेदावर असलेल्या नागपूरचे महत्त्व त्यामुळे वाढले. हा बदल वाडीतील वाहतूकदाराने स्वतःच्या हिशेबाच्या वहीत अनुभवला आहे. परतीचा माल कसा मिळवावा, चालक का टिकत नाहीत, ई-वे बिलात कोठे अडचण होते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? पण त्या विषयावर बोलणारा पाहुणा अनेकदा असा असतो, की ज्याने ट्रकची कॅबिन आतून पाहिलेली नसते. जाणता गप्प बसतो, म्हणून अजाणत्याची खुर्ची पक्की होते.

तेव्हा निमंत्रण आले, तर काही पथ्ये पाळावीत. पैसे मागणाऱ्या खुर्चीला नम्र नकार द्यावा. देणे-घेणे झालेच, तर ते श्रोत्यांना सांगण्याचा आग्रह धरावा. सूत्रसंचालकाच्या आधीच्या दोन-तीन मुलाखती पूर्ण ऐकाव्यात. तेथे पाहुण्याला बोलू दिले जाते की भडक वाक्य काढून घेतले जाते, ते लगेच कळते. स्वतःच्या अनुभवाचा एकच विषय निवडावा आणि त्याबाहेरील प्रश्नाला ‘यातले मला कळत नाही’ असे सांगण्याचा संकोच करू नये. काय बोलायचे, यापेक्षा काय बोलायचे नाही, हे आधी ठरवावे. ग्राहकाचा हिशेब, सहकाऱ्याची उणीदुणी, रुग्णाची कहाणी यांना तेथे स्थान नाही. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या कामगाराने तर गोपनीयतेचे बंधन निवृत्तीनंतरही संपत नाही, हे विसरू नये. तरुणांना शिस्त, हत्यारांची निगा आणि कामातील अचूकता यांविषयी सांगण्यासारखे त्याच्यापाशी उदंड आहे. शेवटी, काटछाट झालेला भाग प्रसारणापूर्वी पाहण्याची विनंती करावी.

कुटुंबांनीही याकडे डोळसपणे पाहायला हवे. घरातील मुलगा वा मुलगी ‘आधी फॉलोअर, मग काम’ म्हणू लागली, तर रागावण्यापेक्षा तिला एक प्रश्न विचारावा: उद्या तुला तासभर बोलायला बसविले, तर स्वतः केलेल्या कोणत्या कामाविषयी बोलशील? उत्तर मिळाले, तर तिला खुशाल जाऊ द्यावे. नाही मिळाले, तर तिला तिची दिशा आपोआप सापडेल.

मायक्रोफोन आवाज मोठा करतो. आशय तो निर्माण करू शकत नाही. वाडीच्या रस्त्यावरून रोज धावणाऱ्या ट्रककडे पाहावे. त्याच्यावर रंगरंगोटी कितीही सुंदर असो, मुक्कामावर पोहोचल्यावर हिशेब होतो तो आत भरलेल्या मालाचा.