सायकलच्या सीटचा दांडा : एक बालवैद्यकीय विषय

लेखाचे शीर्षक वाचून काही सन्मित्र गालातल्या गालात हसतील. बालरोगतज्ज्ञाने लसीकरणावर लिहावे, सायकल कारागिराकडे सोपवावी, हीच रीत. माझेही मत असेच होते. काही वर्षांपूर्वी बारा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला आणि ते बदलले.

उतारावर सीट एकाएकी मागे कलंडली आणि मुलगा सायकलच्या आडव्या दांड्यावर आपटला. मूत्रद्वाराशी रक्ताचा थेंब होता. अशा वेळी घाईने कॅथेटर घालू नये, हा धडा आपण सर्वांनी गिरवलेला आहे. त्याला तत्काळ शल्यचिकित्सकांकडे पाठविले. मुलगा बरा झाला. परंतु पुढे मूत्रमार्ग आकसेल या धास्तीने आईवडिलांना दीर्घकाळ खेपा घालाव्या लागल्या.

वडिलांनी नंतर तो वाकलेला दांडा मला आणून दाखविला. नळीच्या आत जेमतेम दोन बोटे भाग उरला होता. मुलगा वाढला तसतशी त्यांनी सीट वर घेतली होती. त्यात निष्काळजीपणा नव्हता, काटकसर होती. सहाच महिन्यांपूर्वी मी त्या मुलाची उंची मोजून त्याची पाठ थोपटली होती. सायकलविषयी मात्र एक शब्दही विचारला नव्हता.

शालेय वयात मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढते, वयात येताना त्याहून अधिक. त्यातील सुमारे निम्मी वाढ पायांची असते. म्हणजे सीट दरवर्षी दोन-तीन सेंटिमीटर वर सरकते. दांडा जितका बाहेर, तितकी तरफ लांब. जितका आत कमी, तितका नळीच्या तोंडाशी ताण जास्त. म्हणूनच दांड्यावर किमान खोलीची खूण कोरलेली असते. ती नळीबाहेर कधीही दिसता कामा नये. दिसू लागली, तर लांब दांडा घ्यावा किंवा सायकल मोठी घ्यावी.

लोखंडी वा ॲल्युमिनियमचा दांडा वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, पूर्ण बाहेर काढावा. गंज पुसावा. पकड बसते त्या जागी बारीक तडा आहे का, हे उजेडात निरखावे. वाकलेला दांडा ठोकून सरळ करू नये, बदलावा. नवा दांडा नेमक्या त्याच जाडीचा असावा. सैल दांड्याभोवती पत्र्याची पट्टी गुंडाळणे धोक्याचे आहे. आत ग्रीसचा पातळ हात द्यावा, बोल्ट आवळावा आणि सीट दोन्ही हातांनी पिळून पाहावी. ती जराही फिरू नये. या सर्वाला दहा मिनिटे पुरतात.

इंदुरात आपली मुले आजही शाळेला, शिकवणीला सायकलने जातात. थोरल्याची सायकल धाकट्याकडे येते, तिच्याबरोबर तिचा गंजही येतो. माझी सूचना साधी आहे. आपल्या मंडळाच्या शालेय आरोग्य शिबिरात एखाद्या अनुभवी सायकल कारागिरालाही मानधन देऊन बोलवावे. आणि आपण वैद्यक व्यावसायिकांनी मुलाच्या उंचीची नोंद करताना पालकांना विचारावे, "सीट किती वर घेतली आहे?" मी तो प्रश्न त्या दिवसापासून विचारतो.