शिसे मोजणारा माणूस



घरात जुना तराजू असेल, तर एक गोष्ट तुम्हांला चांगली ठाऊक असेल. पारड्याला खालून चिखल चिकटलेला असला, की कितीही इमानाने वजन करा, ते चुकणारच. शहाणा माणूस आधी पारडे पुसतो आणि मग माल चढवतो. आज तुम्हांला अशा एका माणसाची हकिकत सांगायची आहे, की ज्याने पारडे पुसता पुसता साऱ्या जगाचे भले केले.

त्यांचे नाव क्लेअर पॅटरसन. अमेरिकेतील आयोवा या मक्याच्या मुलखात, १९२२ साली त्यांचा जन्म झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला. आईला शिक्षणाची आवड, गावच्या शाळामंडळावर ती काम करी. मुलाने रसायनशास्त्र घेतले. दुसरे महायुद्ध संपल्यावर तो शिकागोच्या विद्यापीठात संशोधनाला गेला. तिथे हॅरिसन ब्राऊन या गुरूंनी त्याच्यापुढे एक प्रश्न ठेवला. आपल्या या पृथ्वीचे वय किती?

आता तुम्ही म्हणाल, पृथ्वीची काय जन्मपत्रिका असते? असते, पण ती दगडात लिहिलेली असते. युरेनियम नावाचा एक जड धातू खडकांत थोडाथोडा सापडतो. तो आपोआप झिजत जातो आणि अखेर त्याचे शिसे होते. ही झीज ठरलेल्या गतीने चालते. ऊन, पाऊस, थंडी, कशानेही ती कमी-जास्त होत नाही. समजा, धान्याच्या कणगीला खाली बारीक भोक पडले आहे आणि दाणे एका चालीने गळत आहेत. कणगीत उरलेले धान्य आणि खाली सांडलेले धान्य मोजले, तर भोक पडून किती दिवस झाले हे सांगता येईल. कणगीतले धान्य म्हणजे युरेनियम, खाली सांडलेले म्हणजे शिसे.

मात्र एक अडचण होती. भोक पडण्याच्या आधीच खाली थोडे धान्य पडलेले असेल तर? ते वजा केल्याशिवाय हिशोब जमायचा नाही. पृथ्वीवरचे अगदी पहिले खडक वितळून, गाडले जाऊन कधीच नाहीसे झालेले. म्हणून पॅटरसन आकाशातून पडलेल्या दगडांकडे, म्हणजे अशनींकडे वळले. पृथ्वी घडली त्याच सुमारास हे अशनीही घडले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर अशाच एका अशनीच्या आघाताने झाले, हे तुम्ही ऐकले असेल. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये तसेच एक मोठे विवर आहे. तिथल्या लोखंडी अशनीत युरेनियम जवळजवळ नाहीच, पण शिसे आहे. म्हणजे ते शिसे झिजेतून आलेले नव्हे, मूळचेच. आधी सांडलेल्या धान्याचा हिशोब त्या लोखंडात जसाच्या तसा राखलेला होता.

युक्ती सुरेख होती, पण पॅटरसन शिसे मोजायला बसले की आकडा भलताच येई. आज एक, उद्या दुसरा, आणि प्रत्येक वेळी असायला हवे त्याच्या कितीतरी पट जास्त. दुसरा कुणी असता तर यंत्राला दोष देऊन मोकळा झाला असता. पॅटरसन मात्र शोधत बसले, की हे जादा शिसे येते कुठून? आणि त्यांना ते जिकडेतिकडे सापडू लागले. नळाच्या पाण्यात शिसे, काचेच्या भांड्यांत शिसे, रसायनांत शिसे, हवेतल्या धुळीत शिसे, स्वतःच्या कपड्यांवर आणि केसांतही शिसे.

मग सुरू झाली साफसफाई. १९५२ साली ते कॅलिफोर्नियातल्या पासाडेना शहरातील एका नामांकित तंत्रशास्त्र संस्थेत गेले. तिथे त्यांनी अशी खोली तयार केली, की जिच्यात गाळलेलीच हवा येई. भांडी आम्लात धुवायची, फरशी पुन्हा पुन्हा पुसायची, अंगावर वेगळे कपडे चढवल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. आपल्याकडे सोवळ्याचा स्वयंपाकही इतका कडक नसेल! लोक हसत. पण त्या खोलीतून निघालेला आकडा खरा असे.

१९५३ साली शिकागोजवळच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत त्यांनी अशनीतल्या शिशाचे शेवटचे मोजमाप केले आणि उत्तर हाती आले. पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे. त्यापूर्वी जाणकार ३३० कोटींच्या आसपास धरून चालत होते. असे सांगतात, की ते त्याच आनंदात आयोवाला आईच्या घरी गेले आणि छाती इतकी धडधडू लागली, की ‘मला दवाखान्यात ने’ असे त्यांना आईला सांगावे लागले. १९५६ साली त्यांनी हा हिशोब छापून प्रसिद्ध केला. त्याला आता कितीतरी वर्षे लोटली. यंत्रे बदलली, रीती सुधारल्या, पण आकडा जवळजवळ तोच राहिला आहे.

एवढ्यावर थांबले असते, तरी त्यांचे नाव राहिले असते. पण मंडळी, पारड्याचा चिखल त्यांना स्वस्थ बसू देईना. जगभर पसरलेले हे शिसे कुठून आले, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात घुमत राहिला. त्यांनी समुद्राचे पाणी तपासले. वरच्या पाण्यात शिसे पुष्कळ, खोलवरच्या पाण्यात फार थोडे. याचा अर्थ सरळ होता. हे शिसे नव्याने, वरून, हवेतून पडत होते. हवेत ते येत होते मुख्यतः मोटारींच्या धुरातून. १९२३ पासून अमेरिकेत पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळले जात होते, इंजिन ठोके देऊ नये म्हणून. ते पेट्रोल जळे आणि शिसे धुरातून गावभर होई.

शिशाच्या व्यापाऱ्यांच्या बाजूने रॉबर्ट केहो नावाचे मोठे डॉक्टर कित्येक वर्षे सांगत होते, की माणसाच्या अंगात थोडे शिसे असणे हे नैसर्गिकच आहे, सगळ्यांच्याच अंगात असते, घाबरू नका. १९६५ साली पॅटरसननी एका आरोग्यविषयक नियतकालिकात लेख लिहून या म्हणण्याला उत्तर दिले. त्यांचे सांगणे थोडक्यात असे, की जे सगळ्यांच्या अंगात आहे ते नैसर्गिक असतेच असे नाही. त्यांच्या हिशोबाने अमेरिकेतल्या साध्या माणसाच्या अंगात निसर्गाने ठेवले असते त्याच्या सुमारे शंभरपट शिसे साठले होते.

वाचकहो, हा मुद्दा आपल्याला काही नवा नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे ज्या गावांच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे, तिथल्या पोरांचे दात लहानपणीच पिवळे-तपकिरी पडतात. सगळ्या गावाचेच दात तसे, म्हणून त्यात कुणाला वावगे वाटत नाही. पण दोष पाण्याचा असतो, दातांचा नव्हे. शेजारचा चांगल्या पाण्याचा गाव पाहिल्याशिवाय हे कळत नाही. शिशाच्या बाबतीत असा शेजारचा गावच उरला नव्हता, कारण सगळे जगच माखलेले होते.

मग पॅटरसन जुन्या काळाकडे गेले. उत्तर ध्रुवाजवळच्या ग्रीनलंडमध्ये दरसालचे बर्फ थरावर थर साचलेले असते, जणू वर्षावर्षाची वहीच. त्यांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी त्या बर्फाचे मोठाले तुकडे कापून आणले आणि आतले शिसे मोजले. १९६९ साली ते काम प्रसिद्ध झाले. सुमारे २८०० वर्षांपूर्वीच्या बर्फापेक्षा त्या काळच्या नव्या बर्फात दोनशे पटींहून जास्त शिसे होते, आणि सर्वांत मोठी वाढ १९४० नंतरची होती. आता कुणी ‘हे नैसर्गिक’ म्हणायची सोय राहिली नाही.

खरे बोलणाऱ्याला किंमत मोजावी लागते, ती त्यांनीही मोजली. तेल कंपन्यांच्या मंडळाकडून संशोधनाला मिळणारा पैसा बंद झाला. १९७१ साली हवेतल्या शिशाचा विचार करायला तज्ज्ञांची एक राष्ट्रीय समिती नेमली गेली, तर ज्याला या विषयातले सर्वांत जास्त कळत होते त्या माणसालाच तीत जागा नव्हती. त्यांनी आदळआपट केली नाही, मोजमापही सोडले नाही. १९८० साली त्यांनी आणि डोरोथी सेटल या सहकारी बाईंनी डबाबंद माशांची तपासणी छापली. शिशाचा डाग दिलेल्या डब्यातल्या माशात ताज्या माशापेक्षा हजारो पट जास्त शिसे निघाले. इतर प्रयोगशाळांना हा फरक दिसत नव्हता, कारण त्यांच्या ‘ताज्या’ माशाला त्यांच्याच खोलीतले शिसे लागत होते. पुन्हा तेच, पारडे पुसलेले नव्हते!

हे श्रेय एकट्या पॅटरसन यांचे नव्हे. हर्बर्ट नीडलमन या डॉक्टरांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि ज्यांच्या दातांत शिसे जास्त ती मुले बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडतात, हे १९७९ मध्ये दाखवले. असे हात जुळत गेले. अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात पेट्रोलमधले शिसे कमी करायला सुरुवात झाली, आणि १९७६ ते १९९१ या काळात तिथल्या लोकांच्या रक्तातले शिसे तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले. ५ डिसेंबर १९९५ रोजी पॅटरसन वारले. त्यानंतर महिन्याभरातच, १ जानेवारी १९९६ पासून, तिथल्या रस्त्यांवरच्या गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल पुरते बंद झाले. आपल्या भारतात ते २००० साली थांबले. मोटारींसाठी ते विकणारा जगातला शेवटचा देश अल्जीरिया, तिथे २०२१ मध्ये ते संपले.

हल्ली संशोधकाची किंमत त्याने किती लेख छापले आणि ते किती जणांनी उल्लेखिले यावर करतात. त्यालाही काही अर्थ असेल. पण पॅटरसन यांचे जे चार लेख मी वर सांगितले, ते तुमच्या-आमच्यापैकी कुणी वाचलेले नाहीत. तरीही एस.टी. स्टँडवर उभ्या असलेल्या लेकुरवाळीच्या कडेवरचे मूल आज शिशाचा धूर घेत नाही, त्यात त्या चार लेखांचा वाटा आहे. पीक किती पेंढ्यांचे झाले हे सगळे पाहतात. दाणा किती भरला ते खळ्यावरच कळते.

आता आपल्या घराकडे वळू. पेट्रोलमधून गेले, म्हणून शिसे जगातून गेलेले नाही. ते लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त बाधते. अमुक इतके चालेल, अशी सुरक्षित मर्यादाच त्याला नाही. ट्रॅक्टरची वा मोटारीची जुनी बॅटरी घरी फोडू नका, तिच्यातले शिसे चुलीवर वितळवू नका, ती दुकानदाराला परत द्या. पितळी भांड्यांना कल्हई लावून घ्याल तेव्हा कथील शुद्ध आहे ना, हे विचारून घ्या. स्वस्तात पडावे म्हणून कुणी त्यात शिसे मिसळतो. हळद भडक पिवळी दिसावी म्हणून काही ठिकाणी तिला शिशाचा रंग चोळल्याचे आढळले आहे, तेव्हा हळकुंडे पाहून घ्या आणि घरी दळा. घराच्या रंगात शिसे किती असावे याला २०१७ पासून कायद्याने मर्यादा आहे. पण जुन्या दाराखिडक्यांवरचा रंग खरवडताना पोरांना दूर ठेवा आणि चुरा ओल्या फडक्याने टिपा. जेवणापूर्वी मुलांचे हात धुवा. त्यांना पोटभर खाऊ घाला, ताटात पालेभाजी, नाचणी, दूध असू द्या. अंगात लोह आणि चुना पुरेसा असला, की शिसे कमी भिनते.

आणि एक काम पोरांना जरूर सांगा. घरातल्या जुन्या वस्तूंची यादी करा, कशात शिसे असू शकेल ते लिहा, आणि शाळेत विज्ञानाच्या गुरुजींना दाखवा. काय सापडले ते आम्हांलाही कळवा.

पुढच्या अंकी भेटूच. तोवर राम राम.